चढलेला दात

१४ जाने. १९७१, नगर
पुण्याच्या मासिकाची तीन चित्रं झाली, चौथं अडलं. माहेरून निघालेली मुलगी मागे वळून पाहते. मान तीनदा खोडली. साडेनवाला भिंतीपलीकडे निवृत्तीचा क्लॅरोनेट सुरू झाला. भूप, सावकाश. तिसऱ्या फेरीला मान आपोआप वळली. आठ वर्षं हे असंच. तो लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो, सकाळी सराव करतो. मी त्यावर रेषा ओढतो. त्याला कधी सांगितलेलं नाही. "मास्तर, तुमचा टाक थांबला की मला हितं कळतंय," म्हणाला होता एकदा. म्हणजे ठाऊक असावं.

२२ जाने.
चार दिवस भिंत गप्प. गेलो. निवृत्तीचा गाल सुजलेला. वरचे पुढचे दोन दात हलतात, मुळाशी पू. काढावेच लागणार. क्लॅरोनेटची चोच याच दोन दातांखाली धरायची असते. त्याचा डावा दात उजव्यावर थोडा चढलेला, त्या खाचेत ती बसते म्हणे. "तिरपा हाय, पन तीस वर्सं त्यानंच धरून ठिवलंय." कवळी तशीच हवी. साचा घेता येत नाही, दात साच्यातच निघून येतील म्हणाले डॉक्टर. फोटो आणा. फोटोत हा सगळीकडे बँडच्या टोपीत, ओठ मिटून.
"मग मास्तर हायती की," हौसाबाई म्हणाल्या. त्याची बायको.

२५ जाने.
दातांचं चित्र काढलं. समोरून एक, बाजूनं एक. निवृत्ती स्टुलावर, आ करून. हौसाबाई दारातून: "लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा तोंड उघडं ठिवून गप बसल्यात." तो हसला, मी ओरडलो. एकच्या एस.टी.ला पुण्याचं पार्सल द्यायचं होतं, पाऊण तासात आटोपलं. त्यानं कागद पाहिलासुद्धा नाही. "तुमी काढलं म्हंजे झालं." डॉक्टरांना आवडलं. स्वच्छ काम, म्हणाले.

११ फेब्रु.
दात गेले. हिरडी भरेपर्यंत थांबायचं. सकाळी निवृत्ती ओट्यावर बसून लाटण्यावर बोटं चालवतो. भूपच असावा. पुण्याहून संपादकांचं पत्र: या खेपेच्या रेषा जरा लाकडी वाटल्या. खरं आहे. रेडिओ लावून पाहिला. उपयोग नाही.

३० मार्च
कवळी आली. देखणी. सगळी गल्ली पाहून गेली. सौ. म्हणाली, दहा वर्षांनी लहान दिसतात. मग वाजवलं. चोच घसरते, कडेनं वारा जातो, वरचा सूर किंचाळतो. लग्नसराईतल्या पहिल्या लग्नापर्यंत बँडच्या मालकांनी मुदत दिलीय. नाही जमलं तर हातात झांजा.

२ एप्रिल
माझ्याकडचं कच्चं चित्र काढून पाहिलं. दोन दात, सरळ, शेजारी शेजारी. चढलेला दात नाहीच. वीस वर्षं नवरदेव, आया, पोरं, सगळ्यांना एकच दंतपंक्ती काढत आलो. हातानं तेच काढलं. माणूस दोन हातांवर बसला होता. खाच सांगूनही ठेवली होती. डॉक्टरांनी कागदावर होतं ते केलं.

४ एप्रिल
सांगायला गेलो. तोच आधी म्हणाला, "फुंक म्हातारी झाली माझी. कवळीला नावं ठिवून काय उपेग?" चहा पिऊन परत आलो.

८ एप्रिल
क्लॅरोनेट पुसून पेटीत गेला. पाणी भरताना हौसाबाईंनी सौ.ला सांगितलं.
दुपारभर जुने कागद उपसले. एका पाकिटाच्या पाठीवर सापडला. निवृत्ती हसतोय, गेल्या गणपतीतला, कशावर ते आठवत नाही. कुणाला द्यायचं नव्हतं, म्हणून नीट आलंय. डावा दात उजव्यावर, अर्धवट लोटलेल्या दारासारखा.

९ एप्रिल
पाकीट आणि कच्चं चित्र, दोन्ही त्याच्यापुढे ठेवली. सांगितलं सगळं. दोन्ही आलटूनपालटून पाहिली त्यानं.
"म्हंजे फुंक माझी हाय तशीच हाय?"
"तशीच आहे."
हौसाबाई त्याला म्हणाल्या, "ऐकलं का? म्हातारी म्हनं!" आणि आत गेल्या.
उंबऱ्यापाशी आलो तेव्हा तो म्हणाला, "आठ वर्सं शेजारी ऱ्हाताय, मास्तर. कानानं लई वळखलंत. डोळ्यानं…"

१७ एप्रिल
पाकीट डॉक्टरांकडे आहे. करून बघू म्हणाले. हिरडी बदललीय, खात्री नाही. निवृत्ती आज सकाळी तिकडेच गेलाय. पहिलं लग्न आठवड्यावर, राहात्याला.
कादंबरीचं वेष्टण उद्याच्या एस.टी.ला. बाई हसरी हवी म्हणतात प्रकाशक. सगळी झाली, तोंड कोरं ठेवलंय. सौ.ला म्हटलं, जरा समोर बस.
"आत्ता? भाकऱ्या व्हायच्यात."
"आत्ताच. आणि हस."
खालचा एक दात किंचित आत आहे तिचा. लग्नाला बावीस वर्षं झाली.
पलीकडे दार उघडलं. पेटीची कडी वाजली. टाक थांबवून बसलोय.