पेगीची आवराआवर

डोनेगॉल, धनत्रयोदशी, संध्याकाळ

शेजारच्या पेगीनं कुत्र्याचं भांडं धुऊन पायरीवर पालथं घातलंय. कुत्रा कालच भाचीकडे पाठवला म्हणाली. आठवडाभर तिचं "आय'म रेडिंग अप" चाललंय, म्हणजे घर आवरणं. मला वाटलं, आपल्या दिवाळीसारखंच. देऊन टाकायच्या सामानाची खोकी मीच तिच्या गाडीत ठेवून दिली, वर विचारलं, कोण येणार आहे का? "नो वन, लव्ह," म्हणाली आणि चहाचा सेट माझ्याच हातात दिला. मी मूर्खासारखी थँक्यू म्हणून घेऊन आले!

मगाशी तो 'रेडिंग अप'मधला शब्द शोधला. स्कॉटलंडचं जुनं क्रियापद, तिथल्या माणसांबरोबर इकडे आलेलं. हल्ली त्याचा अर्थ घर आवरणं. त्याआधी भांडणं सोडवणं, व्यवहार मिटवणं. मिटवणं वाचलं आणि तिचं घर आठवलं. उघड्या भिंती, रिकामं कपाट, ते पालथं भांडं. एकटी बाई आपला कुत्रा का देऊन टाकेल?

सगळ्यात जुना अर्थ अगदी तळाशी होता: संकटातून सोडवणं, वाचवणं.

तिच्याकडे अजून दिवा लागलेला नाही. पणत्या राहू देत. सेट परत द्यायचं निमित्त करून जाते, आणि ती बोलल्याशिवाय तिथून उठत नाही.