सुपातली बाजरी

२९ मार्च २००१
त्या आज पुन्हा आल्या! मंगलाताई, संस्थेच्या. बाळाला लसीला नेलं तेव्हा मी त्याला घ्यायला हात पुढे केला नाही. ते डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि संस्थेला कळवलं. तेव्हापासून मंगलाताई आठवड्यातून दोनदा घरी येतात. कशाला येतात ते मला अजून कळलेलं नाही. नर्स म्हणावं तर औषध नाही, मोलकरीण म्हणावं तर भांड्याला हात नाही. पंख्याखाली बसतात, चहा घेतात. बाळ रडलं तरी उचलत नाहीत.
"तुम्हीच घ्या ना त्याला," मी म्हटलं.
"मी घेतला तर त्याला माझी सवय लागेल. मी तुमच्यासाठी येते."
हे काय उत्तर झालं? शेवटी सासूबाईंनीच घेतला.

१ एप्रिल
ठरलं म्हणे. ज्ञानेश ओझरहून ड्युटी करून आला आणि बूट काढता काढता सांगून मोकळा झाला. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, वन्सं माहेरी येतील. तोवर माझं हे बरं झालं नाही तर जाताना बाळाला नामपूरला नेतील. त्यांना मूल नाही, जिवापाड करतील. "थोडे दिवसच गं." थोडे म्हणजे किती, मी विचारलं नाही. वाईट वाटलं की सुटल्यासारखं वाटलं? दोन्ही. की काहीच नाही.

२ एप्रिल
कालचं शेवटचं वाक्य खोटं. वाईटच वाटलं.

५ एप्रिल
ताईंनी विचारलं, "भीती कशाची वाटते?" मी म्हटलं, कशाचीच नाही. इथे लिहिते, इथे कोण वाचतंय.
पहिलं बाळ नऊ दिवसांत गेलं. म्हणून याला दवाखान्यातून आणलं तेव्हा सासूबाईंनी सुपात घालून दारातल्या केरावर ठेवला आणि वन्संनी उचलला. म्हणजे हा आमचा नाही, टाकलेला, त्यांना सापडलेला. मग सटवाईची, कुणाकुणाची नजर जात नाही म्हणे. नावही केरू. बाराव्याला, बारशाच्या दिवशी, आईने उचलणारीला सूपभर बाजरी द्यायची आणि मूल परत विकत घ्यायचं. तोवर पाजायचं, पण आपला म्हणायचं नाही. म्हटलं तर पहिल्यासारखं होतं.
आणि बाराव्याला मी तापाने फणफणले होते. टाके पिकलेले, कसलं भान नाही. शुद्धीवर आले तेव्हा दूध आटलेलं. बाजरीचं राहूनच गेलं. मग तो विषय कुणी काढला नाही, मीही नाही. काढून काय ऐकायचं होतं?
मी बारावी सायन्स आहे. असलं काही मानत नाही. मग हात का जात नाही?

९ एप्रिल
सासूबाई आज भडकल्या. भडकल्या की त्यांची सटाण्याकडची बोली बाहेर येते. "तुनाच शे ना तो पोर्‍या? मग ले ना!" तुझाच आहे ना, मग घे. टोमणे कळतात मला. तो माझा नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे? केरावर कुणी ठेवला?

१२ एप्रिल
ताईंचं आजचं नवीन — "त्याला हात लावू नका. नुसत्या शेजारी बसा." मला हसूच आलं. बसले. तो माझ्या बांगड्यांकडे बघत होता. मी हात हलवला, त्याचे डोळे हलले. पुन्हा हलवला, पुन्हा हलले. ताई म्हणाल्या, "झालं आजचं," आणि गेल्या. एवढ्यासाठी ही बाई इथे सिडकोपर्यंत बसचे धक्के खात येते!

१६ एप्रिल
आज ताईंचा वार नव्हता. तरी बसले.

१९ एप्रिल
सासूबाई दळण आणायला गेल्या होत्या. लाइट गेली, पंखा बंद. बाळ असं रडायला लागलं की लालबुंद झालं, श्वास अडकायला लागला.
"ताई, घ्या त्याला!"
"मी इथेच आहे. तुम्ही घ्या."
"मी घेतला तर मरेल तो!"
कसं तोंडातून गेलं कोण जाणे. त्यांनी उशी सरकवून मला जागा केली फक्त. बाळाचा आवाजच येईना. मी घेतला. कसा घेतला आठवत नाही. आधी जास्तच रडला, मग खांद्यावर ओकला, मग गप्प झाला.
बाजरी न देता घेतला. ही चोरीच की. आता काय होईल? ताईंना विचारणार होते, पण त्या माझा खांदा पुसत होत्या.

२० एप्रिल
सारखं त्याचं अंग चाचपून बघते. ताप नाही.

२३ एप्रिल
अजून ताप नाही. आंघोळ मी घातली. सासूबाईंनी बादलीत बोट बुडवून बघितलं. "कढत हे. गार घाल अजून." एवढंच. त्यांना राग आलाय की काय आलंय, मला समजत नाही. मलाच माझं समजत नाही. तो झोपला की भीती वाटते, जागा झाला की बरं वाटतं.

२६ एप्रिल, आखाजी
वन्सं आल्या. पिशवीत झबली, दुपटी, नवीन पाळण्याची दोरी. पुरण शिजतंय. मी सूप भरून बाजरी दाराआड ठेवली आहे. जेवणं झाली की पुढे ठेवणार. घेतील का? नको म्हणाल्या तर माझ्याकडे बोलायला काय आहे? रीत त्यांच्या बाजूने आहे.

२७ एप्रिल
वन्सं सुपाकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "बाजरी? ती तर मी बाराव्यालाच घेतली. आईनं तुझा हात लावला की सुपाला. तू तापात होतीस, आठवत नसंल." सासूबाईंनी कपाळावर हात मारला, "तुला माहीतच नव्हतं?" म्हणजे तो "तुनाच शे" टोमणा नव्हताच.
वन्सं "विकायचा नाही" म्हणाल्या असत्या तर मी मान खाली घालून दिला असता. त्यांनाही ते कळलं होतं.
सकाळी निघताना झबली इथेच ठेवली. बाळाला घेतलं नाही, दारातूनच बघत होत्या, मी बघायचे तशा. मग मीच उठून घडीभर त्यांच्या हातात दिला.