अब्बांच्या गाडीतला हीटर

कर्वेनगर, पुणे

आदरणीय हुस्नबानू आपांना धाकट्या नासिरचा सलाम.

इकडे सगळे खुशाल आहेत. (हे वाक्य दोनदा वाचा, मगच पुढे जा.) तुमचा गुडघा आणि दुल्हेभाईंचा खोकला कसा आहे ते कळवा.

मी घेतलेली जुनी मिनीबस, जिला तुम्ही फोनवर भंगार म्हणालात, आता फिरतं घर झाली आहे. पलंग, शेगडी, मोरी, सगळं आहे. हा खटाटोप अब्बांसाठी. जन्मभर मंडईमागे बर्फाच्या लाद्या विकल्या आणि आता म्हणतात, बर्फ आभाळातून पडताना एकदा बघायचाय. या वयात त्यांना काश्मीरच्या थंडीत न्यायचं म्हणजे गाडीत हीटर हवाच. प्रोपेनवर चालणारा आणला आणि मीच बसवला. (मोबाइलवर बघून. हसू नका.) धूर बाहेर जायला बाजूच्या पत्र्यातून नळी काढली, ताजी हवा आत यायला खाली जाळी ठेवली. विषारी वायू साठला की वाजणारा भोंगा तेवढा राहिला. तो निघताना घेऊ म्हटलं.

रविवारी चाचणी ठरली. अब्बा कानटोपी, मफलर, दोन स्वेटर अशा जय्यत तयारीत आत बसले. (पुण्याची थंडी ती केवढी, पण त्यांना श्रीनगर आधीच लागलं होतं.) दारं-खिडक्या लावून हीटर पेटवला. छान ऊब आली. थोड्या वेळाने अब्बा गप्प झाले आणि आपा, मला चक्क आनंद झाला! माझ्या कामात खोट न काढता ते गप्प बसलेत, असं कधी घडलंय? मग माझंही डोकं ठणकायला लागलं. अब्बांना हाक मारली, उत्तर नाही. हलवलं तर मान कलली. उठायला गेलो तर पायांत जोर नाही. दाराची कडी समोर दिसत होती, पण हाताला सापडेना. मी इतका घाबरलो की कलमासुद्धा धड आठवेना.

तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या तुमच्या भावजयीला, रझियाला, बाहेर कापड जळाल्याचा वास आला. तिने दार ओढून उघडलं, वॉचमनला हाक मारली आणि दोघांनी अब्बांना उचलून बाकावर ठेवलं. मी मागून रांगत आलो. त्यांचे तळवे चोळत मी लहान पोरासारखा रडत होतो. शेवटी त्यांनी डोळे किलकिले केले आणि विचारलं, “बरफ पड्या क्या, नासिर?”

दवाखान्यात ऑक्सिजन लावला. संध्याकाळी घरी येताच त्यांनी माझ्या कामातली खोट काढली, तेव्हा जीव भांड्यात पडला.

तुमचा,
नासिर

ता. क. : धूर अडला कसा, हे तुम्ही विचारालच. सांगू नका, असं रझियाने बजावलंय. आपल्याकडे मिक्सरला कव्हर, फ्रिजला कव्हर, रिमोटलासुद्धा कव्हर. गाडीसाठी कुणीतरी प्रेमाने शिवून पाठवलेल्या कव्हरांतली दोन उरली होती. आदल्या दिवशी तिने धूळ जाऊ नये म्हणून एक नळीच्या तोंडाला घातलं, दुसरं बाहेरून जाळीला बांधलं. पेटवण्यापूर्वी मी गाडीभोवती एक फेरीही मारली नाही. (शिवणाऱ्याचं नाव लिहीत नाही. झालरीवर मोगऱ्याची फुलं होती, एवढंच.)

आणखी एक ता. क. : खरं काम हे. गॅसच्या कारागिराकडून सगळं नव्याने करून घेतलं, भोंगाही बसवला. पण अब्बांचा भोंग्यावर विश्वास नाही, माझ्यावर तर नाहीच. म्हणतात, हुस्ना असेल तरच निघतो, ती रात्रभर बोलते, गाडीत कुणाचा डोळा लागणार नाही. तुमच्या बोलण्याला मी आजवर नावं ठेवली. आता हात जोडतो, या आणि बोलत राहा. शिवणयंत्र मात्र घरीच ठेवा.