बीचच्या झाडावरची हरकत

प्रिय लोवेल,

तू फोन उचलत नाहीस. दाराशी आलो तर व्हर्ना सांगते, तो कोठारात आहे, हात ग्रीसनं भरलेत. तुझ्या बायकोला खोटं बोलणं जमत नाही, ती बोलताना माझ्या बुटांकडे बघते. म्हणून लिहायला बसलो. शाळेत निबंध म्हटला की माझ्या पोटात दुखायचं आणि तू त्यावर हसायचास, तेव्हा आताही हसू आलं तर हस. आईचा गुडघा आता बरा आहे. रविवारी प्रार्थना संपल्यावर ती पायऱ्यांवर उभी होती. धाकटा दिसत नाही, असं कुणी विचारलं की ती आकाशाकडे बघून म्हणायची, पाऊस येईलसं वाटतं. ऊन कडक पडलं होतं.

आपल्या रॅकून-शिकारीच्या क्लबाच्या बैठकीत मी तुझ्याविरुद्ध निकाल दिला आणि वर्षभर तुझी पंचगिरी बंद केली. आता वाण्याच्या दुकानात आणि पेट्रोल पंपावर लोक तुझं नाव रॉइस फ्यूगेट आणि त्याच्या शिकारी कुत्रीच्या नावाला जोडून घेतात आणि मी आत आलो की गप्प होतात. या खोऱ्यात पंच म्हणून तुझ्याइतकं नाव कुणाचं नव्हतं. ते गेलं, आणि माझ्या तोंडून गेलं. हे मी मऊ करून लिहीत नाही. पण मुख्य पंचाच्या खुर्चीतून मला काय दिसत होतं, ते एकदा ऐक.

हिवाळ्यात तुझा म्हातारा कुत्रा ड्रम गेला, तेव्हा तू म्हणाला होतास की आता कुत्रा नको. मग मार्चमध्ये मी तुझी करवत परत द्यायला आलो, तर कोठाराच्या मागे कुत्र्याचं नवंकोरं घर. वर पत्रा, आत देवदाराचा भुसा. कुणासाठी, विचारलं, तर तू म्हणालास, बघू, आणि गवत कापणीचं बोलायला लागलास. पुढच्या रविवारी व्हर्ना माझ्या बायकोला, लोइसला, सहज बोलून गेली, की हंगाम संपला की रॉइसच्या कुत्रीला, जुबिलीला, पिल्लं होऊ द्यायची आहेत आणि त्यातलं पहिलं तुम्हाला मिळणार. जुबिलीच्या पिल्लासाठी तीन परगण्यांतली माणसं टोपी हातात घेऊन उभी आहेत, आणि पहिलं तुला? लोइसनं मला घरी येऊन सांगितलं, मी नुसतं हूं केलं. पण त्यानंतर तुझ्या प्रत्येक निकालाकडे मी तिरकं बघायला लागलो. रात्री दोन कुत्री एकदम भुंकली की पहिल्या भुंकण्याचे गुण द्यायला तू आधी जुबिलीचाच आवाज ऐकतोस का? शिकारीनंतर रॉइस तुझ्यासाठी गाडीचं दार उघडून का उभा राहतो? तो हसतो तेव्हा तू त्याच्याकडे का बघत नाहीस? देवापुढे मान खाली घातली तरी डोक्यात हेच चालायचं. लहानपणी तू अंथरुणात पडल्या पडल्या डोंगरापलीकडून येणाऱ्या आवाजावरून सांगायचास, हा अमक्याचा कुत्रा, ही तमक्याची कुत्री, आणि तुझं कधी चुकायचं नाही. आता मला वाटायला लागलं, ज्याला इतकं ऐकू येतं, त्याला हवं तेवढंच ऐकणंही जमत असेल.

त्यात हंगामाच्या शेवटच्या शिकारीवरून ट्विला रॅटलिफची हरकत आली. जो जिंकेल तो राज्याच्या सामन्याला जाणार. ट्विला परक्या परगण्यातली, शाळेची बस चालवणारी, आपल्या क्लबात नवी. तिचा कुत्रा बॅरन, वर रॅकून चढलाय म्हणून, एका पॉपलरच्या झाडाखाली जाऊन भुंकत राहिला. तू बॅटरीचा झोत टाकलास, वर रॅकून नव्हता, लपायला जागाही नव्हती, तू त्याचे गुण कापलेस. बरोबर केलंस. मग जुबिली बीचच्या झाडाखाली भुंकली. वर रॅकून नव्हता, पण तू म्हणालास, खोडाला ढोली आहे, आत असू शकेल, म्हणून गुण ना मिळाले ना गेले. तेवढ्यावर जुबिली जिंकली.

बैठकीला क्लबाच्या स्वयंपाकघरात सगळे जमले होते. घेवड्याचं पातेलं आणि मक्याची भाकरी कुणी उघडूनही बघितली नाही. ट्विला उभी राहिली, हात जाकिटाच्या खिशात. "ढोली नव्हती असं मी म्हणतच नाही. मी म्हटलं, मला दाखवा. माझ्या कुत्र्याच्या वेळी यांनी झाडाभोवती फिरवून सगळं बोडकं झाड मला दाखवलं. मग जुबिलीच्या वेळी का नाही?"

तू खुर्चीत मागे रेललास. "बाई, तुम्ही बस चालवायला शिकायच्या आधीपासून मी झाडं बघतोय. मी ढोली म्हटलं म्हणजे ढोली."

मी विचारलं, दाखवलीस का. तू म्हणालास, तिनं विश्वास ठेवायला हवा होता. मी परत विचारलं, दाखवलीस का, लोवेल. तू माझ्याकडे बघून म्हणालास, नाही. मागून रॉइस पुटपुटला, बघा रे, सख्खा भाऊ फास आवळतोय, आणि एकदोघं हसले.

मग तू उठून म्हणालास, "चला आत्ताच. झाड काही पळून गेलेलं नाही."

अर्धी माणसं उठलीसुद्धा. तेव्हा कोपऱ्यातून आपला जुना पंच हार्लेस कोम्ब्स बोलला. तो काय बोलणार, ते मला आधीच कळलं होतं. "माझ्या वेळी मीही हेच म्हणालो होतो, डेन्व्हर. पाया पडायचा बाकी होतो. तू म्हणालास, टेबलावर जे बोललं जाईल तेवढंच धरायचं, झाडाकडे परत कुणी जायचं नाही. माझी पंचगिरी वर्षभर बंद केलीस. आता तुझ्या भावासाठी गाड्या काढायच्या?"

हा नियम आपला जुना आहे आणि तो का झाला, ते तुला ठाऊक आहे. कुणीतरी दिवसाउजेडी जाऊन करवतीनं खोडात खोटी ढोली कोरून आला होता, तेव्हापासूनचा तो. आणि पंचानं ढोली सगळ्यांना दाखवली नाही तर ती धरायची नाही, हा त्याच्याही आधीचा. मी सगळ्यांना बसायला सांगितलं. जुबिलीचे गुण कापले, बॅरनला जिंकवलं आणि हार्लेसला दिली तीच शिक्षा तुला सुनावली. तू टोपी घेतलीस आणि दार न आपटता गेलास. आपटलं असतंस तर मला झोप लागली असती.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. बैठकीच्या आधीच्या रविवारी मी आईकडे जेवायला आलो नाही, ट्रॅक्टर बिघडलाय म्हटलं. ट्रॅक्टर ठीक होता. मी त्या बीचच्या झाडाकडे गेलो होतो, नियम मोडून, कुणाला न सांगता, आणि खरं सांगतो, तुला पकडायला गेलो होतो. रस्त्याच्या बाजूनं खोड नितळ, कुठं चीर नाही. मला वाटलं, सापडलास. मग झुडपं बाजूला करत पलीकडे उतरलो. दुसऱ्या फांदीच्या वर ढोली होती, जुनी, जा-ये करून कडा गुळगुळीत झालेल्या, आणि कडेला रॅकूनचे करडे केस अडकलेले. मी टोपी काढून तिथंच उभा राहिलो. आनंद व्हायला हवा होता, आधी लाज वाटली. मग बैठकीत खुर्चीवर बसलो, ते तू हो म्हणावंस म्हणून. दोनदा विचारलं ते त्यासाठीच. तू खरं बघितलं होतंस, खरं सांगितलं होतंस, फक्त दाखवायला हवं होतं ते दाखवलं नाहीस, आणि निकाल मला तेवढ्यावरच देता येत होता. हार्लेसचं झाड कधीच आरागिरणीत गेलं. त्याला ढोली होती की नाही, ते आता देवालाच ठाऊक. त्याला जे मिळालं नाही ते तुला देता येत नाही, म्हणून क्लबात मी यातलं अक्षरही बोलणार नाही, लोक काय हवं ते म्हणोत. पिल्लाचंही मी विचारणार नाही. पण माझ्या भावानं मला लबाड ठरवलं, असं धरून तू वर्ष काढू नयेस. ढोली आहे, लोवेल. ओढ्याच्या अंगाला. मी बघितली.

तुझाच थोरला,
डेन्व्हर