लेस्टरने खाल्लेलं पान

कोल्टर टेकडी, १२ मे

आई,

मी खुशाल आहे, हे आधीच सांगून टाकतो. तुझी काकवीची बिस्किटं पोचली. पोरांनी फस्त केली; मला सध्या सूपच बरं वाटतं.

आमचा मुकादम लेस्टर म्हणजे अकलेचा कांदा. इथे पायवाट साफ करताना पावलोपावली पॉयझन आयव्ही लागते, नुसत्या स्पर्शानेही अंगावर फोड उठवणारी. तीन-तीन पानं, मधल्याचा देठ लांब, झाडावर चढलेली वेल केसाळ दोरीसारखी. शेंबडं पोरही ओळखेल. या शहाण्याने तिचं कोवळं पान आम्हा सहाजणांसमोर तोंडात टाकलं.

"माझे आजोबा दर वसंतात एक पान खायचे. रक्तात मुरलं की वर्षभर अंगाला बाधत नाही. आहे कुणात दम?"

दुसऱ्या दिवशी स्वारीचं तोंड भोपळ्याएवढं झालं. डॉक्टर म्हणाला, "सूज अजून बोटभर खाली घशात उतरली असती, तर थेट शवपेटीच मागवावी लागली असती."

आपले आजोबाही हेच पान खायचे, अशी फुशारकी आपला धाकटा रॉयस शाळेत मारतो ना? त्याला बजाव, आजोबा वाचले ते नशिबाने. त्याला आपल्या कुंपणावरच्या वेलीकडे फिरकू देऊ नकोस. बाबांचा खोकला कसा आहे? ती वेल जाळू नका म्हणावं, तिचा धूर छातीत भरतो.

सहाजणांत लेस्टरचं आव्हान घेणारं गाढव एकच निघालं. त्याचं नाव विचारू नकोस. कालपासून त्याला सूप नळीशिवाय पिता येतंय.

तुझा, आणि आजोबांचाच नातू,
ओडेल