दहातलं एक

सोमवार, ३
हुश्श! पोचलो एकदाचा. अठरा वर्षांतली ही सातवी बदली, पण या खेपेला नशिबानं हात दिला आणि ताईचंच गाव मिळालं. तसा आम्हा दोघांचा जन्म इथल्याच सरकारी इस्पितळातला. मी दीड वर्षाचा असताना वडिलांच्या नोकरीमुळे गाव सुटलं; ताई लग्न होऊन परत आली. तिनं मागची खोली झाडून, खिडकीशी टेबल लावून ठेवलंय. ही वहीसुद्धा तिनंच आणली. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद लावलेस, आता स्वतःचं लिही काहीतरी, म्हणाली. माझे अर्धे केस पिकले तरी हाक अजून ‘धाकट्या’ अशीच. भाऊजी हसतात. बरं वाटलं.

बुधवार, ५
अभिलेख कार्यालय म्हणजे तीन लांब दालनं, लोखंडी मांडण्या आणि नाकात जाणारी धूळ. माझ्याकडे इस्पितळातल्या जन्मनोंदींची पत्रकं आलीत. जागा नाही, म्हणून ती कमी करायची. दहातलं एक नमुना म्हणून ठेवायचं, बाकीची नऊ लगद्याच्या कारखान्यात. एका खेपेला क्रमांकाचा एकच शेवटचा आकडा धरायचा, तेवढीच पत्रकं राहणार, आणि तो आकडा मी ठरवायचा. पहिल्या तीन हजारांना शून्य धरलं. डोकं कोण चालवतो! टिपणीत लिहिलं: ‘नऊ दहाव्यासारखीच असतात, ठेवून उपयोग नाही.’ लिहायचं म्हणून नव्हे, माझा तसा विश्वासच आहे. एवढी दप्तरं उपसली, माणसं इथूनतिथून सारखी.

माझ्या आधीच्या बाईंनी बावीस वर्षांत एक चिटोरं टाकलं नाही म्हणे. गठ्ठा सोडला की प्रत्येक नाव मोठ्यानं वाचायच्या. निवृत्तीला आलेला शिपाई हे कौतुकानं सांगत होता. हौसेला मोल नाही, मी म्हटलं. तो आपला जेवणाचा डबा खिडकीत ठेवायला गेला.

मंगळवार, ११
काल पहिली खेप गेली. आज शिपाई आला नाही. साहेबांना विचारलं तर म्हणाले, या कार्यालयाला शिपाई कधी मिळालाच नाही. थट्टा वाटली. पण त्याचा डबा खिडकीत तसाच आहे, आणि साहेब म्हणतात तो तुमचाच असेल. मला वाद घालायचा कंटाळा आला. पाणी मीच भरलं.

शुक्रवार, १४
चौकातल्या बाकांवर रोज सकाळी दहाएक म्हातारे बसायचे. आज एकच होता. बाकीचे कुठे, विचारलं. तो म्हणाला, मी तर कायम एकटाच बसतो.

टाकलेल्यांच्या यादीत शिपायाचं नाव सापडलं. क्रमांक १८७३.

जुन्या बाईंकडे गेलो. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, नुसत्या थकल्यासारख्या दिसल्या. म्हणाल्या, “अहो, कागदाला काय कळतं? सांभाळणाऱ्याचा जसा भरवसा, तसा तो वागतो. मी मानलं, प्रत्येक कागदात एक माणूस आहे. तुम्ही काय मानलंत?” निघताना त्यांनी बजावलं, एखादाच कागद हातानं उचलून वाचवायला जाऊ नका. तुमच्या नियमानं राहील तेच राहील.

सोमवार, १७
दुसरी खेप परवा. तीन हजार एक ते सहा हजार. तिच्यात ताई आहे, ४२१६. मी आहे, ५१०९. भाऊजी बाहेरगावचे, ते सुटले.

साहेबांना म्हटलं, थांबवा. त्यांनी माझीच टिपणी पुढे सरकवली. खाली माझीच सही. दुसरं काही सुचेना, दोन्ही कागद काढून घरी आणले, पेटीत ठेवून कुलूप लावलं.

मंगळवार, १८
पेटी रिकामी. कागद गठ्ठ्यात, आपापल्या जागी.

दिवसभर नावं मोठ्यानं वाचली. घसा बसला, पण विश्वास काही बसत नाही. तिसाव्या नावाला पुन्हा सगळी सारखीच वाटायला लागतात. अठरा वर्षांची सवय— एका दिवसात कशी—

हातात फक्त आकडा उरलाय. सहा किंवा नऊ.

वडील गेले तेव्हा ताईनं शाळा सोडली. मी शिकावं म्हणून.

बुधवार, १९
सहा.

सही केली. ट्रक गेला. बाकीचे किती— नको, मोजवत नाही. सगळ्यांची माफी मागायची तर नावंही आठवत नाहीत. फार दमलोय.

ताईनं विचारलं, जेवलास का, धाकट्या? हो म्हटलं. तिच्याकडे बघत बसलो.

गुरुवार, २०
सकाळी चहाचे दोनच कप. तिचा आणि भाऊजींचा. हाक मारली— वळली नाही.

दुपार. ताई खोलीत आली आहे. माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी. भाऊजींना सांगतेय, ही खोली उगीच पडून आहे. ते म्हणाले, तुला भाऊ असता तर राहिला असता इथे. ती हसली. म्हणाली, मी आईबाबांची एकुलती—

टेबलाकडे येतेय. वही दिसली तिला. ताई, वाच. मोठ्यानं वाच, माझं नाव पहिल्या पानावर— तू मानलंस तर— तिचा हात पुढे—