दिवेखोलीत परत पाठवा

३ जुलै १९८९, बेल्लमपल्ली
आजपासून टाइम ऑफिस. अकरा वर्षं खाणीच्या दिवेखोलीत होतो. माणूस खिडकीत बिल्ला देते, मी त्याच्या नंबरचा दिवा देतो. पाळी सुटली की दिवा परत, चार्जिंगले. एकामागं एक. ही बढती मले नको होती. बायकोच्या भावानं, दिगंबरनं, युनियनमंदी हातापाया पडून मिळवली. पेढे वाटले माझ्या नावानं. मी एक नाई खाल्ला.

७ जुलै
टेबलावर हजेरीबुक, रजेचे कागद, ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्या, फोन. कोणतं आधी? साहेबाले विचारलं. म्हणे, दहावी पास आहेस ना.
हजेरी घेऊन राह्यलो की फोन. फोन ठेवला की कुठवर आलो होतो ते गेलं. पुन्हा पहिल्या नावापासून. तीनदा. खिडकीतले लोक हसले. हसा.

१५ जुलै
रजेचे नऊ कागद. नोंद करायची, साहेबाकडं पाठवायचे. सकाळपासून समोर आहेत. पेन हातात, हात उठत नाई. आळशी म्हणतात. आळशाले बरं तरी वाटत असन.

२२ जुलै
खाणीतला मल्लय्या खिडकीतून नाई, दारातून आला. बापाच्या दिवसांसाठी गावी गेला होता. त्याचा रजेचा कागद त्या नऊमंदी. न सांगता गैरहजर म्हणून त्याले नोटीस निघाली. माझी कॉलर धरली, तेलुगूत माझ्या बापावरून बोलला. सोडवायले कोणी उठलं नाई. मीबी हात नाई लावला. त्याचं बरोबर होतं.

२३ जुलै, रविवार
दिगंबर आला. म्हणे, "भाऊजी, तुमी मुद्दाम करून राह्यले. मले खाली पाहायले लावलं." मी म्हणलं, मी मागितलं होतं काय? लोक वर जायले तरसतात म्हणे. त्याले घराबाहेर हो म्हणलं. चहा अर्धाच झाला होता. बायकोनं, कुसुमनं, उरलेला मोरीत ओतला, माझ्याकडं पाहत.
हा माणूस पुन्हा उंबऱ्यात नको.

१ ऑगस्ट
अर्ज दिला. 'मला दिवेखोलीत परत पाठवा.' दोन ओळी, सहा दिवस लागले. साहेबानं दोनदा वाचला. युनियनचा काही डाव आहे असं त्याले वाटलं. मग म्हणाला, "नीचे कौन माँगता है? डॉक्टर से लिखवा के लाओ कि दिमाग ठीक नहीं. तब भेजूँगा."

२ ऑगस्ट
कुसुमले सांगतलं. डॉक्टरचा कागद आज निघाला तर संध्याकाळी सगळ्या क्वार्टरांत कळन, म्हणे. वंदना सतरा वर्षांची. वेड्याची पोरगी कोण करन? अर्ज मागं घ्या, खुर्चीवर बसा, लोक करतात तसं करा.
लोक कसं करतात? हेच तर मले कोणी सांगत नाई. लहानपणापासून.
आन् तसा कागद दिल्यावर दिवेखोलीत तरी काऊन ठेवतीन? खाली अंधारात उतरणाऱ्याचा दिवा वेड्याच्या हातानं कोण घेईन? साहेबाले हे कळत नसन असं नाई. त्याले मले नुसतं खाली नाई, बाहेर पाठवायचं आहे.

४ ऑगस्ट
डॉक्टरकडं गेलो नाई. सकाळी साहेबासमोर उभा राह्यलो. घरून घोकून आलो होतो. म्हणलं, "साहेब, दिमाग ठीक है. काम गलत दिया." आवाज मोठा निघाला. बाहेर टाइप करणारा थांबला.
मग मल्लय्याचं सांगतलं. त्याची नोटीस रद्द करा, चूक माझी. साहेबानं कोरा कागद पुढं सरकवला, यही लिखो, अभी. उभ्याउभ्या लिहिलं, सही केली. कोणी समोर उभं राहून 'हे लिही, आता' म्हणलं की मले येते. सही झाल्यावर समजलं, तो कागद माझ्याच गळ्यात.
साहेबानं अर्ज आन् तो कागद दोन्ही पेपरवेटखाली ठेवले. हो म्हणलं नाई, नाई म्हणलं नाई. जा म्हणे.
घरी कुसुम भाकऱ्या टाकत होती. सगळं ऐकून घेतलं. दिगंबरचं नाव नाई काढलं. मग म्हणे, "उद्या डबा कुठं पाठवू?"
"दिवेखोलीत."
"तिथं तुमच्या जागी दुसरा आहे."
माहीत आहे. तरी पहाटे पाचले जातो, पहिल्या पाळीच्या दिव्यांले. दोघांले उभं राहायची जागा आहे तिथं.